हस्तिदंताला एचएस कोड आहे, म्हणून तो आणता येतो का?

नागपूरच्या कंटेनर डेपोतून माल मागवणाऱ्या किंवा पाठवणाऱ्या लोकांकडून एक प्रश्न मला हमखास ऐकू येतो. ‘भाऊ, कस्टमच्या पुस्तकात याला कोड दिलेला आहे, म्हणजे चालतो ना?’ बहुतेक वेळा प्रश्न साध्या मालाचा असतो, म्हशीची शिंगं, शंख, हाडांचा चुरा असं काहीतरी. पण अधूनमधून कुणीतरी हस्तिदंताबद्दलही विचारतं, आणि विचारणारा लबाड असतोच असं नाही. त्याने इंटरनेटवर ०५०७ १० हा आकडा पाहिलेला असतो, त्याच्यापुढे ‘हस्तिदंत’ असं लिहिलेलं असतं. सरकारनेच नाव देऊन रकाना आखलाय, मग व्यापारही असणार, असा त्याचा सरळ तर्क असतो.

हा तर्क चुकीचा आहे, आणि हस्तिदंताच्या बाबतीत तो माणसाला थेट तुरुंगापर्यंत नेऊ शकतो. कोड सांगतो की वस्तू कोणती आहे. ती आणायची, विकायची किंवा बाहेर पाठवायची परवानगी आहे की नाही, हे दुसरेच कायदे ठरवतात. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करता आल्या, की हा गुंतागुंतीचा विषय बराच सुटतो.

आधी कोडचं बघू. एचएस म्हणजे हार्मोनाइज्ड सिस्टीम. जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही वर्गवारी १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे. जगात सीमा ओलांडणारी प्रत्येक वस्तू ९७ प्रकरणांत वाटलेली आहे (त्यातलं ७७ वं प्रकरण पुढच्या गरजेसाठी रिकामं ठेवलंय). पहिले दोन आकडे प्रकरणाचे, पुढचे दोन मथळ्याचे, त्यापुढचे दोन उपमथळ्याचे. हे सहा आकडे सगळ्या देशांत सारखे असतात. पुढचे आकडे प्रत्येक देश आपल्या सोयीने जोडतो, आणि भारतात एकूण आठ होतात. जीएसटी आल्यापासून इतवारीतल्या आणि गांधीबागेतल्या दुकानदारांच्या बिलावर जो एचएसएन छापला जातो, तो याच झाडाची फांदी आहे.

कोड ठरवण्याचा पहिला नियम असा की मथळ्याचे शब्द आणि प्रकरणाच्या सुरुवातीला दिलेल्या टिपा, या दोहोंवरून निर्णय घ्यायचा. प्रकरणाचं नाव फक्त शोधायच्या सोयीसाठी असतं, आणि बाजारातलं नाव तर धरलंच जात नाही. आपल्या संत्र्याचंच घ्या. लिंबूवर्गीय फळांचा मथळा ०८०५. त्यात ०८०५ १० ही ओळ ऑरेंजची आणि ०८०५ २१ ही मँडरिनची. नागपुरी संत्रं जगभर ऑरेंज म्हणून विकलं जात असलं तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते सिट्रस रेटिक्युलाटा, म्हणजे मँडरिन आहे. त्यामुळे नुसत्या नावावर विसंबून पहिल्या ओळीत हात घालणाऱ्याची गफलत होऊ शकते. हस्तिदंताच्या बाबतीत अशी गफलत फार महागात पडते, कारण तिथे नुसत्या टिपेनेच अर्थ केवढा तरी रुंद केलेला आहे.

हस्तिदंत पाचव्या प्रकरणात आहे. हे प्रकरण म्हणजे प्राण्यांपासून मिळणाऱ्या, पण दुसरीकडे कुठेच न बसलेल्या वस्तूंचं कोठार. माणसाचे केस ०५०१ मध्ये, डुकराचे राठ केस ०५०२ मध्ये, आतडी ०५०४ मध्ये, पिसं ०५०५ मध्ये, हाडं ०५०६ मध्ये. त्यापुढचा ०५०७ हा मथळा हस्तिदंत, कासवाची पाठ, व्हेलच्या तोंडातल्या पट्ट्या, शिंगं, खूर, नखं आणि चोची यांचा. सगळं कच्चं, किंवा फक्त साधी तयारी केलेलं, पण आकार न दिलेलं. यातल्या ०५०७ १० मध्ये हस्तिदंत, त्याची पूड आणि त्याचा कचरा येतो. बाकी सगळं ०५०७ ९० मध्ये. भारताच्या सीमाशुल्क दरसूचीत ०५०७ १० १० ही ओळ कच्च्या हस्तिदंताची आणि ०५०७ १० २० ही पूड व कचऱ्याची.

आता ती टीप. पाचव्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच लिहिलंय की या संपूर्ण वर्गवारीत हत्ती, पाणघोडा, वॉलरस, नारव्हाल आणि रानडुक्कर यांचे सुळे, गेंड्याचं शिंग आणि कोणत्याही प्राण्याचे दात, हे सगळं हस्तिदंतच समजायचं. हे वाक्य पुन्हा वाचण्यासारखं आहे. गेंड्याचं शिंग तर दातही नाही. ते आपल्या नखांसारख्याच केराटिनचं बनलेलं असतं. तरी कस्टमच्या हिशेबात ते हस्तिदंताच्या रकान्यात बसतं. सांबराचं शिंग मात्र त्याच मथळ्याच्या दुसऱ्या ओळीत, ०५०७ ९० मध्ये जातं. म्हणजे ‘माझ्याकडे हत्तीचं काहीच नाही, रानडुकराचे सुळे आहेत’ असं म्हणणाऱ्याचा माल दरसूचीत हत्तीच्या दाताशेजारीच नोंदला जातो.

या रुंद व्याख्येत मला एक मोठी अडचण दिसते. सहा आकड्यांवर हत्ती, सायबेरियाच्या गोठलेल्या मातीतून निघालेला मॅमथ आणि आफ्रिकेतला पाणघोडा यांच्यात काहीच फरक केलेला नाही. एखाद्या देशाने ०५०७ १० खाली अमुक किलो आयात दाखवली, तर ते दात कोणाचे होते, हे त्या आकड्यावरून कळतच नाही. मॅमथच्या दाताचा व्यापार काही देशांत उघड चालतो. त्याचे आणि हत्तीच्या दाताचे आकडे एकाच पेटीत पडले, की हत्तींची काळजी करणाऱ्यांच्या हाताशी धूसर चित्र उरतं. सगळ्या जगाच्या वर्गवारीत ही फट राहू देणं बरं नाही, असं माझं ठाम मत आहे. नव्या आवृत्त्या दर काही वर्षांनी निघतातच. २०१७ मध्ये निघाली, २०२२ मध्ये निघाली. त्यात एक उपमथळा वाढवणं अशक्य नव्हतं.

कच्चा कुठे संपतो आणि घडवलेला कुठे सुरू होतो, हा पुढचा प्रश्न. इथे कस्टम आणि वन्यजीव कायदा यांची खरी टक्कर होते, म्हणून जरा थांबून बघू.

दरसूचीच्या अधिकृत स्पष्टीकरणाप्रमाणे साधी तयारी म्हणजे खरवडणं, कानस मारणं, साफ करणं, नको तो भाग काढून टाकणं, छाटणं, फोडणं, आकार न देता कापणं, ओबडधोबड रंधा मारणं, सरळ किंवा सपाट करणं. एवढ्यावर थांबलेला माल ०५०७ मध्येच राहतो. चौकोनी किंवा आयताकृती तुकडे कापले, कांड्या केल्या, नळ्या केल्या, पॉलिश केलं, भोकं पाडली, लेथवर फिरवलं, की तो माल ९६०१ मध्ये जातो. ९६०१ १० म्हणजे घडवलेला हस्तिदंत आणि त्याच्या वस्तू. वस्तूला आपलं स्वतंत्र घर असेल, तर ती तिकडे जाते. हस्तिदंताचा बुद्धिबळाचा संच ९५०४ मध्ये खेळांच्या साहित्यात, बटणं ९६०६ मध्ये, हस्तिदंती मुठीचा सुरा ८२११ मध्ये सुऱ्यांबरोबर. शंभर वर्षांहून जुनी पुराणवस्तू ९७०६ मध्ये जाऊ शकते. त्यामुळे नुसते ०५०७ आणि ९६०१ तपासून ‘हस्तिदंत नाही’ असा निष्कर्ष काढणारा माणूस अर्ध्या वाटेवरच थांबलेला असतो.

आता सायटिस. लुप्त होत चाललेल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा हा करार १९७३ मध्ये वॉशिंग्टनला झाला, १ जुलै १९७५ पासून अमलात आला, आणि भारत १९७६ मध्ये त्यात सामील झाला. सायटिसची कच्च्या हस्तिदंताची व्याख्या कस्टमपेक्षा वेगळी आहे. तिच्याप्रमाणे हत्तीचा अख्खा दात, पॉलिश केलेला असो वा नसो, कोणत्याही रूपातला, कच्चाच धरायचा. घडवलेला म्हणायचा तर कोरीव काम किंवा आकार हवा, आणि अख्ख्या दाताच्या बाबतीत त्याचा सबंध पृष्ठभाग कोरलेला हवा.

जुन्या शिकारी घराण्यांच्या दिवाणखान्यात दिसतो तसा दात डोळ्यांपुढे आणा. हातभर लांबीचा, पुढे निमुळता होत गेलेला, मागच्या पोकळ टोकाला चांदीचं टोपण, खाली शिसवी बैठक. कवटीत रुतलेला जो भाग असतो तो खडबडीत आणि आतून पोकळ, कारण तिथे जिवंतपणी गर होता. ओठाबाहेर जिथून दात दिसायला लागायचा, तिथे रंग बदललेला असतो. त्यापुढचा भाग वर्षानुवर्षं पुसून पुसून पिवळसर आणि गुळगुळीत झालेला. लांबीच्या दिशेने बारीक चिरा. कस्टमच्या टेबलावर हा दात पॉलिश केलेला म्हणून ९६०१ कडे झुकतो. सायटिसच्या टेबलावर तोच दात कच्चा ठरतो, कारण त्याचा पृष्ठभाग कोरलेला नाही. वस्तू तीच, पण एका कागदावर ‘घडवलेली’ आणि दुसऱ्यावर ‘कच्ची’. कागद भरणाऱ्याने कोड ९६०१ लिहिला म्हणून सायटिसच्या कच्च्या हस्तिदंताच्या अटींतून सुटका होत नाही.

सायटिसची परिशिष्टं तीन. पहिल्यात ज्यांचा व्यापारी हेतूने होणारा व्यवहार बंद, दुसऱ्यात ज्यांचा व्यवहार परवान्याने, आणि तिसऱ्यात एखाद्या देशाने स्वतःहून मदत मागून नोंदवलेल्या जाती. आशियाई हत्ती अगदी सुरुवातीपासून पहिल्या परिशिष्टात आहे. आफ्रिकी हत्तीला पहिल्या परिशिष्टात टाकण्याचा निर्णय ऑक्टोबर १९८९ मध्ये लोझानच्या बैठकीत झाला आणि १८ जानेवारी १९९० पासून तो लागू झाला. पुढे १९९७ मध्ये बोट्स्वाना, नामिबिया आणि झिंबाब्वे इथल्या, तर २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या हत्तींना कडक अटी घालून दुसऱ्या परिशिष्टात आणलं गेलं. त्यातूनच साठवलेल्या दातांच्या दोन विक्र्या झाल्या. १९९९ मध्ये जपानला सुमारे ५० टन, आणि २००८ मध्ये चीन व जपानला मिळून १०० टनांहून थोडे जास्त. त्यानंतर अशी विक्री मंजूर झालेली नाही. चीनने आपला देशांतर्गत हस्तिदंत बाजार २०१७ च्या अखेरीस बंद केला, ब्रिटनचा हस्तिदंत कायदा जून २०२२ मध्ये लागू झाला. पाणघोडा आणि नारव्हाल दुसऱ्या परिशिष्टात, वॉलरस तिसऱ्यात, आणि मॅमथ कुठेच नाही, कारण तो केव्हाच नामशेष झाला.

कच्च्या दातांची ओळख पटावी म्हणून सायटिसने खूण करायची पद्धत घालून दिली आहे. अख्ख्या दातावर, तो कितीही लहान असो, आणि २० सेंटिमीटर किंवा जास्त लांबीच्या व एक किलो किंवा जास्त वजनाच्या कापलेल्या तुकड्यावर ठसा मारायचा किंवा न पुसली जाणारी शाई वापरायची. त्यात देशाची दोन अक्षरं, वर्षाचे शेवटचे दोन आकडे, त्या वर्षातला अनुक्रमांक आणि किलोतलं वजन. केनियातून २००० साली नोंदलेला १२७ वा, १४ किलोचा दात असेल, तर त्यावर केई ००/१२७/१४ असं दिसेल. खूण ओठाच्या जागी करायची. ज्या दातावर अशी खूण नाही, त्याचा प्रवास कुठून झाला ते सांगणं फार कठीण होऊन बसतं.

हे सगळं झालं आंतरराष्ट्रीय पातळीवरचं. भारताचा कायदा याहून कडक आहे, आणि आपल्यावर शेवटी तोच चालतो.

वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ चा. हत्ती १९७७ मध्ये त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आला. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हत्तीच्या दाताचा देशातला व्यापार बंद केला. पण आफ्रिकेतून आणलेला दात तेव्हा कायद्याच्या बाहेर राहिला, आणि तीच पळवाट झाली. कोरून तयार झालेल्या मूर्तीकडे बघून हा दात कर्नाटकातल्या जंगलातला की आफ्रिकेतला, हे दुकानात उभं राहून कोण सांगणार? इथे मारलेल्या हत्तीचा दात आयात केलेला म्हणून खपवणं सोपं होतं. म्हणून १९९१ च्या दुरुस्तीने भारतात आयात केलेल्या हस्तिदंताचा धंदा आणि त्याच्या वस्तू बनवणंही बंद केलं. व्यापारी कोर्टात गेले. आम्ही माल कायदेशीर मार्गाने आणला होता, साठा आमच्या मालकीचा आहे, धंदा करणं हा आमचा हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी उचलून धरली आणि ऑगस्ट २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली.

त्याच वेळी एक वेगळं प्रकरणही निकाली निघालं, आणि मला ते या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एका व्यापाऱ्याचा युक्तिवाद असा होता की माझा माल मॅमथचा आहे. मॅमथ हजारो वर्षांपूर्वी संपला. तो वन्य प्राणी नाही, त्याचा दात जमिनीतून निघालेलं जीवाश्म आहे, मग वन्यजीव कायदा मला कसा लागू होतो? ऐकायला मुद्दा बिनतोड वाटतो. न्यायालयाने तो फेटाळला. संसदेने ‘हत्तीचा’ असं न म्हणता सरसकट आयात केलेल्या हस्तिदंतावर बंदी घातली आहे, आणि कायद्याचा हेतू जिवंत हत्ती वाचवणं हा आहे. कोरलेला मॅमथ आणि कोरलेला हत्ती नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात. मॅमथचं दुकान उघडं ठेवलं, तर मागच्या दाराने हत्तीचा दात त्याच दुकानात येणार. म्हणून सायटिसच्या यादीत नसलेला मॅमथही भारतात विकता येत नाही.

प्रयोगशाळेत हा फरक ओळखता येतो, हे खरं आहे. दात आडवा कापला की कापलेल्या पृष्ठभागावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानींची जाळी दिसते. तिला श्रेगर रेषा म्हणतात. कडेजवळच्या भागात त्या रेषांमधला कोन मोजायचा. ११५ अंशांहून मोठा असेल तर आजचा हत्ती, ९० अंशांहून लहान असेल तर मॅमथ. मधल्या पट्ट्यातला कोन दोघांतही सापडतो, म्हणून एका मोजमापावर थांबता येत नाही. मॅमथच्या दातावर कधी कधी निळसर-तपकिरी डाग असतात, जमिनीतल्या लोह-फॉस्फेटच्या खनिजाचे. हाडाच्या वस्तूत ही जाळी नसतेच. तिथे रक्तवाहिन्यांच्या सूक्ष्म नळ्यांचे बारीक ठिपके दिसतात. प्लॅस्टिकवर यंत्राने काढलेल्या एकसारख्या समांतर रेषा असतात, नैसर्गिक दातात तसा एकसारखेपणा सापडत नाही. पण मूर्तीच्या पायाशी दोन बोटं जागा असेल, तिथे आडवा छेदच दिसत नसेल, तर अधिकाऱ्याने कोन मोजायचा कुठे? न्यायालयाचा निकाल किती व्यवहारी होता, ते इथे कळतं.

मग कोड ठेवलाय कशाला, असं कुणीही विचारेल. वर्गवारी सगळ्या जगासाठी आहे. कुठे पाणघोड्याच्या दाताचा परवान्याने व्यवहार चालतो, कुठे दोन संग्रहालयं प्रदर्शनासाठी वस्तूंची देवाणघेवाण करतात, कुठे संशोधनासाठी नमुने पाठवले जातात. जप्त केलेल्या मालाचीही नोंद कुठल्या तरी आकड्याखाली करावी लागते. दरसूची म्हणून सगळ्यालाच नाव देते. परवानगी बघायची ती विदेशी व्यापार महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीएफटीच्या आयात-निर्यात धोरणात. तिथे प्रत्येक ओळीपुढे शेरा असतो, मुक्त, निर्बंधित किंवा निषिद्ध. निर्यातीच्या यादीत तर वन्य प्राणी, त्यांचे अवयव आणि त्यांच्यापासून बनवलेल्या वस्तू सरसकट निषिद्ध धरल्या आहेत. अपवाद अगदी थोडे. आणि डीजीएफटीचा शेरा काहीही असो, वन्यजीव कायदा त्याच्या वर उभा आहेच. दुसऱ्या कायद्याने बंदी घातलेला माल सीमाशुल्क कायदा १९६२ च्या दृष्टीनेही निषिद्ध ठरतो. असा माल आणला तर कलम १११ खाली जप्ती, बाहेर पाठवायचा प्रयत्न केला तर कलम ११३ खाली जप्ती, आणि वर कलम १३५ खाली खटला. बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे कस्टमला द्यायच्या आयातीच्या घोषणापत्रावर, हाडाच्या वस्तू लिहून आत हस्तिदंत निघाला, तर खोट्या घोषणेचा गुन्हा वेगळा.

२०२२ मध्ये वन्यजीव कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. सायटिसची यादी आता आपल्या कायद्याचीच चौथी अनुसूची झाली आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या गुन्ह्याला किमान तीन वर्षं आणि कमाल सात वर्षं कैद, आणि किमान २५,००० रुपये दंड. शिवाय कलम ५७ प्रमाणे वस्तू तुमच्या ताब्यात सापडली तर ताबा बेकायदा आहे असं गृहीत धरलं जातं. तो कायदेशीर आहे हे सिद्ध करायचं काम तुमचं.

व्यापाऱ्यांपेक्षाही मला काळजी वाटते ती घरांची. महाल, सीताबर्डी, धरमपेठ भागातल्या जुन्या घरांमध्ये अजूनही माळ्यावरच्या पेटीत हस्तिदंती डबी, फण्या, काठीची मूठ, एखादा अख्खा दात निघतो. एका काकूंनी मला फोन करून विचारलं, ‘अरे, आजेसासऱ्यांच्या वेळचा दात आहे. अमेरिकेतला पुतण्या म्हणतो कुरिअरने पाठव, आठवण म्हणून ठेवीन. ओळखीचा एक माणूस चांगले पैसेही देतो म्हणतोय. काय करू रे?’

मी म्हटलं, ‘काकू, दोन्ही नाही. पहिल्यांदा कपाटात मालकीचा दाखला आहे का ते शोधा.’

‘दाखला? घरच्या वस्तूला कसला आला दाखला!’

त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता, आणि असंच बहुतेकांना वाटतं. पण हस्तिदंत घरात ठेवायला मुख्य वन्यजीव रक्षकाने दिलेलं मालकीचं प्रमाणपत्र लागतं. ज्यांच्याकडे ते नव्हतं त्यांना २००३ मध्ये एकदा माहिती जाहीर करायची संधी सरकारने दिली होती, १८० दिवसांची. ती मुदत केव्हाच संपली. प्रमाणपत्र असलं तरी वस्तू विकता येत नाही. पैशाच्या किंवा कोणत्याही व्यापारी मोबदल्याच्या बदल्यात ती कोणाला देणं कायद्याने बंद आहे. ऑनलाइन साइटवर ‘अँटिक’, ‘व्हिंटेज’ असं लिहून फोटो टाकणं हे तर विक्रीची जाहिरात स्वतःच्या हाताने लिहून देण्यासारखं आहे. वारसाने मात्र ती पुढच्या पिढीकडे जाऊ शकते, आणि वारसाने ती मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे घोषणा करावी लागते. हे ९० दिवस लोकांच्या लक्षातच नसतात. घरातलं माणूस गेलेलं असतं, बँका, सातबारा, फ्लॅटची नावं यांतच घर गुंतलेलं असतं. कपाटावरच्या दाताचा विचार कोणाच्याही मनात येत नाही.

पुतण्याचा प्रश्न आणखी अवघड. निर्यातीवर वन्यजीव कायद्याची बंदी आहेच. शिवाय वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ चाच आणखी एक कायदा, पुराणवस्तू आणि कलानिधी कायदा, आडवा येतो. त्याप्रमाणे पुराणवस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकारला किंवा त्याने नेमलेल्या यंत्रणेलाच आहे. म्हणजे ‘फार जुना आहे’ हे कारण सुटका करत नाही, उलट एक कुलूप वाढवतं. आणि माल तिकडे पोचलाच, तर अमेरिकेचे स्वतःचे निर्बंध आहेत. तिथे २०१६ पासून आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापार जवळजवळ पूर्ण बंद आहे आणि आपल्याकडचा आशियाई हत्ती त्यांच्याही संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. पार्सल उघडलं गेलं की पुतण्या अडकतो आणि पाठवणारी काकूही.

हे नियम इतके घट्ट का आहेत, ते आपल्याला विदर्भात बसून समजायला आता फार लांब जावं लागत नाही. २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला. त्याआधी या भागात हत्ती म्हटलं की कमलापूरच्या कॅम्पमधले वनविभागाचे हत्ती, एवढंच आठवायचं. आशियाई हत्तींमध्ये मोठे सुळे फक्त नरांना असतात, तेही सगळ्यांना नाही. सुळ्याचा बराच भाग कवटीत खोल रुतलेला असल्यामुळे तो पूर्ण काढायचा तर हत्ती मारूनच काढतात. दातासाठी शिकार झाली की नेमके सुळेवाले नर जातात, कळपातलं नर-मादी प्रमाण बिघडतं, आणि पुढच्या पिढ्यांवर त्याचा परिणाम होतो. एखाद्या शोकेसमधली मागणी अशी जंगलापर्यंत पोचते. रानात मेलेल्या हत्तीचा दातही कायद्याने राज्य सरकारचाच असतो. तो सापडला म्हणून घरी आणणाराही गुन्हेगारच ठरतो.

हस्तिदंतासारखं दिसणारं काही हवं असेल तर कायदेशीर माल भरपूर आहे. उंटाचं किंवा म्हशीचं हाड कच्चं असेल तर ०५०६, घडवलं की ९६०१ ९०. म्हशीचं शिंग कच्चं असेल तर ०५०७ ९०. दक्षिण अमेरिकेतल्या एका ताडाच्या कठीण बिया, ज्यांना वनस्पतिजन्य हस्तिदंत म्हणतात, कच्च्या असताना १४०४ मध्ये आणि घडवल्यावर ९६०२ मध्ये जातात. फक्त बिलावर प्राण्याचं नाव आणि पदार्थ स्पष्ट लिहा. ‘आयव्हरी फिनिश’ असे शब्द मालाच्या वर्णनात टाकले की तपासणीत कंटेनर अडकून पडतो, डेपोचं भाडं चढत राहतं, आणि नमुना प्रयोगशाळेत जातो. रंग सांगायचा असेल तर मोतिया म्हणा.

नागपूरकरांची एक सोय मात्र आहे. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय मुंबईत नाही, इथेच सिव्हिल लाइन्समध्ये रामगिरी रस्त्यावरच्या वनभवनात आहे. काकूंना मी तिथेच जायला सांगितलं, पण जाण्याआधी वन्यजीव कायदा जाणणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्या असंही म्हटलं, कारण त्यांच्याकडे प्रमाणपत्र सापडलं नव्हतं. प्रमाणपत्र असणाऱ्यांसाठी २०२२ च्या दुरुस्तीने कलम ४२ अ हा सरळ मार्ग दिला आहे. वस्तू ठेवायची इच्छा नसेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांना सात कामकाजाच्या दिवसांची सूचना द्यायची आणि ती त्यांच्याकडे जमा करायची. भरपाई मिळत नाही, प्रमाणपत्र रद्द होतं आणि वस्तू राज्य सरकारची होते. जमा करताना वजन, लांबी आणि फोटो यांची नोंद असलेली पोच मागून घ्या, आणि ती घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा.